व्हॉल्व्हला बांधलेली फीत

काचेच्या नळीत निर्वात पोकळी निर्माण करणे ही मानवी बुद्धीची परमोच्च झेप होय. चौसाळ्यात ही झेप शहादेवने एसी मेकॅनिकचा जुना पंप, भंगारातून आणलेलं तेलाच्या वाफेवर हवा ओढणारं एक यंत्र आणि बायकोचं शिलाई मशीन यांच्या जोरावर घेतली. पहिल्याच वर्षी स्वयंपाकघराची खिडकी फुटली.

शहादेवची हायवेलगत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची टपरी. रेडिओ गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, टपरी तेवढी उरली. शिवाय वडिलांचा, काचेच्या बल्बसारख्या व्हॉल्व्हवर चालणारा अॅम्प्लिफायर उरला. चौदा एप्रिलला वस्तीतली गाणी, भाषणं आणि गर्दीत चुकलेल्या पोरांची नावं तीस वर्षं त्याच्यातूनच ऐकू आली होती. मग त्यातला मोठा व्हॉल्व्ह गेला.

"ऑनलाइन मिळतो की बे," जयंती मंडळाचा अध्यक्ष तानाजी म्हणाला. "दोन दिवसांत घरपोच."

"मिळतो. मला ठावं हाय."

"मग कावून जीव काढायला?"

शहादेवचं उत्तर जुनं होतं. लहानपणी तो वडिलांबरोबर शहरातल्या एका दुकानात व्हॉल्व्ह आणायला गेला होता. वडिलांनी सहज विचारलं, "शेठ, हे बनवतात कसं हो?" शेठनं खोका लांबूनच काउंटरवर सरकवला. "तुमच्या लोकांनी वाजवायचं. बनवायच्या भानगडीत पडायचं नाही." वडील हसले होते. शहादेवला त्या शेठचा राग होता, पण त्या हसण्याचा जास्त होता; आणि चाळीस वर्षांत तो राग कोमटसुद्धा झाला नव्हता. म्हणून वडिलांचा अॅम्प्लिफायर आता वाजवायचा तो वस्तीत बनलेल्या व्हॉल्व्हवर, आणि जयंतीलाच, असं त्याने ठरवलं.

याला तीन वर्षं लागली. व्हॉल्व्हच्या आत केसासारख्या तारेची जाळी लागते. तिचे वेढे बायकोच्या, केशरबाईच्या, मशीनच्या बॉबिनवर घालायचे. केशरबाई ब्लाऊज शिवून घर चालवायची, त्यामुळे जाळी व्हायची ती ब्लाऊजातून सवड मिळाल्यावर. वितळलेल्या काचेत जोडणीच्या पिना बसवल्या की काच थंड होताना तडकायची. सतरा व्हॉल्व्ह असे गेले. काच हळूहळू निववायला एका महाविद्यालयाकडे त्याने भट्टी दोन दिवस मागितली. त्यांनी नकार दिला, कारण ती कशी पेटवतात हे तिथं कुणाला माहीत नव्हतं.

"चुलीच्या राखंत पुरून ठिव," केशरबाई म्हणाली. "वांगं न्हाई का निवत रातभर. तुला लई घाई."

अठरावा राखेत निवला आणि तडकला नाही.

बी.एस्सी.ला असलेली पौर्णिमा बापाची एकमेव विद्यार्थिनी. आतली हवा ओढून झाली, की पंपाकडे जाणारी बारीक नळी वितळवून तोडायची. तिथं गव्हाच्या दाण्याएवढं काचेचं टोक राहतं. व्हॉल्व्हचा सगळा जीव त्या टोकात. काचेच्या आत वरच्या बाजूला चांदीसारखा डाग धरतो. डाग चांदीचा, तोवर पोकळी शाबूत. हवा शिरली की डाग दुधासारखा पांढरा होतो, मग व्हॉल्व्हची फक्त बाटली उरते.

अठराव्याचा डाग आरशासारखा होता. मीटरवर तो पास झाला. शहादेवने त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवला.

ही बातमी पौर्णिमाने मोबाईलवर टाकली, तीच चूक झाली. तीन वर्षं ज्यांनी "बल्ब झाला का रं?" एवढंच विचारलं, ते एका आठवड्यात विज्ञानप्रेमी निघाले. तानाजीने माजी सभापती आप्पारावांना उद्घाटनाला बोलावलं. आप्पाराव कशाचे माजी, हे आता कुणालाच आठवत नाही; पण त्यांच्याशिवाय तालुक्यात बोअरलासुद्धा पाणी लागत नाही.

"उद्घाटन कशाला?" शहादेव म्हणाला. "बटण दाबलं की वाजंल."

"बटणाचा फोटो येत न्हाई," तानाजी म्हणाला.

चौदा तारखेला सकाळी विहारासमोर मांडव पडला. टेबलावर निळं कापड, त्यावर अॅम्प्लिफायर, त्यात अठरावा व्हॉल्व्ह, टोक वर. आप्पाराव सव्वादोन तास उशिरा आले. ते आल्या आल्या शहादेवला फेटा बांधायला विहारात नेलं, कारण सत्कारमूर्ती बोडक्या डोक्याने उभी राहिली तर पाहुण्यांचा अपमान होतो. नऊ मीटर निळं कापड एका बाजूने दाताखाली धरून तो खुर्चीत अडकला, आणि इकडे तानाजीला फीत बांधायची आठवण झाली. मांडवाच्या दोन्ही खांबांना माणसं टेकलेली. टेबलाच्या पायाला बांधली तर फोटोत येत नाही. व्हॉल्व्ह गुळगुळीत, फीत घसरायची. मग त्याला ते टोक दिसलं. देवानं गाठ मारायलाच दिल्यासारखं.

तबकातून कात्री आली. आप्पारावांनी ती लावली, दाबली, पुन्हा दाबली. फीत कापेना. आपल्याकडे उद्घाटनाची कात्री चालत नाही, हे प्रत्येक पाहुण्याला ठाऊक असतं, आणि त्यावरचा उपायही.

"सायेब, ओढा," तानाजी म्हणाला.

"ओढू नगा!" दारातून शहादेव ओरडला. अर्धा फेटा डोक्यावर, अर्धा पायात. पण त्याच क्षणी डीजेवाल्याला इशारा गेला होता आणि आवाजाने मांडवाचे खांब थरथरायला लागले होते.

आप्पारावांनी दोन्ही हातांनी ओढलं. फीत तुटली नाही. टोक तुटलं.

चांदीचा डाग कडेने पांढरा होत गेला आणि दोन श्वासांत दूध झाला. लोकांना वाटलं, चालू झाला. टाळ्या पडल्या.

"रंग पन बदलतो का? वा!" आप्पाराव म्हणाले. "हे दिल्लीपर्यंत पोचवतो आपण."

शहादेव टेबलापाशी आला. त्याने टोक फितीतून सोडवलं, तळहातावर घेतलं. डीजे थांबवायला पौर्णिमाने सरळ वायर उपटली. मंडळाच्या वेगळ्या स्पीकरचा माईक आप्पारावांच्या हातात होता. शहादेवने तो घेतला, म्हणजे ओढलाच.

"सभापती," तो म्हणाला. साहेब म्हणाला नाही, ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "माझ्या बापाला एक शेठ म्हनला होता, तुमी बनवू नगा. लई घान बोलला. पर त्यानं कशाला हात न्हवता लावला. तुमी कौतुक करायला आलात आन् मोडून चाललात. तुमच्यापरीस त्यो बरा."

"आरं, बल्बच हाय ना," आप्पाराव हळूच म्हणाले. "नवीन घेऊन देतो."

"त्येवढंच एक तुमाला येतंय."

तानाजीने इशारा केला, वायर पुन्हा लागली, खांब थरथरले. केशरबाई पुढे झाली. तिने आप्पारावांसाठी आणलेला हार तानाजीच्या गळ्यात घातला आणि नारळ हातात दिला. "ह्यो तुजा सत्कार. गाठ चांगली मारतोस."

पाहुणे दुसऱ्या उद्घाटनाला गेले. शहादेवने व्हॉल्व्ह काढून खिशात घातला आणि फेट्याची घडी घालत बसला. केशरबाईने जाताजाता तबकातली कात्री उचलली. शिवणकामाच्या बाईला बोथट कात्री बघवत नाही. कात्री बोथट नव्हती. नवी कोरी होती. पात्यांवरचं प्लॅस्टिकचं टोपण कुणी काढलं नव्हतं.