पिठातली किल्ली

"दादा, त्या किल्लीचं काय झालं?" टंकलेखिकेने यंत्रावरची बोटं उचलली.

"कुठली किल्ली?"

"विधवेने पिठाच्या डब्यात लपवली ती. चौथ्या प्रसंगात. खुनी सापडला, सिनेमा संपला, अन् किल्ली आपली पिठातच."

दादा मागची पानं उलटून बघू लागले. तीस वर्षं ते रहस्यपट सांगत होते आणि ती टंकत होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, "दाखवलेली वस्तू म्हणजे बघणाऱ्याला दिलेला शब्द." तेव्हापासून अशी वस्तू आली की ती समासात लाल टिंब द्यायची आणि वस्तू कामी आली की ते खोडायची. दादा तिला टिंबूताई म्हणायचे. एखादं टिंब उरलं की स्वतःवरच चिडायचे, अन् दुसऱ्या दिवशी हसत यायचे, "घे, खोड तुझं टिंब."

या पटकथेत सात टिंबं उरली होती.

ती पाणी प्यायला आत गेली. वहिनी ओट्याशी कप विसळत होत्या.

"परवा चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर शोधत होते," वहिनी हळूच म्हणाल्या. "निर्मात्याचा माणूस चारला येतोय. हे काम परत आलं ना, तर अंथरूणच धरतील गं."

"येणार नाही परत. तुम्ही त्यांना जरा पडायला लावा."

दादा झोपले. टंकलेखिकेने पदर खोचला आणि कागद चढवला. पाठ भरून आली होती, पण तिला थांबायची सोय नव्हती. डबा सांडला, किल्ली मिळाली, कपाट उघडलं. तुटका चष्मा, न टाकलेलं पत्र, लंगडं कुत्रं, सगळी एकेक करून मार्गी लागली. दादा हे कसं सांगतील, कुठे दम घेतील, तिच्या बोटांना पाठ होतं.

साडेतीनला दादांनी पानं वाचली. किल्लीपाशी थबकले.

"मला सुचलं हे?"

"मग काय मला?"

"अजून गंजलो नाही म्हणायचं." ते कितीतरी दिवसांनी हसले.

एक टिंब तेवढं राहिलं होतं, आणि ते कुठल्याच समासात नव्हतं. पहिला सिनेमा चालला तेव्हा दादा म्हणाले होते, "पुढच्या वेळी पडद्यावर माझ्या नावाखाली तुझं नाव." पुढची वेळ पुढेच सरकत गेली. तिने कधी आठवण करून दिली नाही. मागून घेतलेल्या नावात काय गोडी?

तिने शेवटचा कागद चढवला, शीर्षक टंकलं, खाली दादांचं नाव.

"थांबा," दादा म्हणाले. "खाली अजून एक नाव यायचंय. मी शब्द दिलाय."

तिची बोटं कळांवर थांबली. दारात वहिनीही थांबल्या.

"टिंबूताई म्हणून आहे आमची. तिच्यामुळे निभावतं सगळं." त्यांनी कपाळ चोळलं. "खरं नाव काय बरं तिचं... बाई, तुम्हाला आहे का ठाऊक?"

तीस वर्षांत त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली.

तिने सावकाश एकेक अक्षर टंकलं. मग कागद काढून सरळ केला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.