बहात्तर मुलींत एक स्टार

दर्शना पाथरकरचं शनिवारचं काम म्हणजे खुर्चीत बसून राहणं. कुणी पडलं की उठायचं, बर्फ लावायचा, घोट्याला टेप गुंडाळायची आणि परत येऊन बसायचं. आठवडाभर ती सालमियातल्या एका क्लिनिकमध्ये म्हाताऱ्यांचे गुडघे सांभाळायची, शनिवारी दुपारी रुमैथियाच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलींचे घोटे. कुवेतमधल्या सहा खासगी कॉलेजांनी मिळून मुलींची बास्केटबॉल लीग काढली होती आणि फिजिओ हजर नसेल तर मॅच होणार नाही असा नियम केला होता. त्या नियमामुळे दर्शना तिथे होती. आणि तिची मुलगी अक्षदा त्यातल्याच एका टीममधून खेळायची, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मुली काही दर मिनिटाला पडत नाहीत. उरलेल्या वेळात दर्शना मॅच बघायची, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाला मतं फार होतात. ती स्वतः परभणीला चार वर्षं कॉलेजच्या टीममधून खेळलेली. तिचं ठाम मत असं होतं की ही लीग अळणी आहे. हे मत तिने इतके दिवस फक्त पाण्याच्या बाटलीला आणि बर्फाच्या पिशवीला सांगितलं होतं.

मग एका शनिवारी अफताबचा आवाज बसला. अफताब मूळचा खेडचा, दिवसा गाड्यांच्या बॅटऱ्या विकायचा आणि शनिवारी या मॅचेसची कॉमेंट्री करायचा. मॅच इंटरनेटवर थेट दिसायची. बघणारे साधारण चाळीस असायचे, त्यातले निम्मे मुलींचे आजी-आजोबा. तिसऱ्या क्वार्टरला त्याच्या घशातून नुसती हवा यायला लागली, तेव्हा त्याने माईक शेजारच्या खुर्चीतल्या दर्शनाच्या हातात दिला.

"ताई, सांभाळा थोडं," तो कसाबसा म्हणाला. "कुणी बास्केट मारली तिचं नाव घ्यायचं आणि स्कोअर सांगायचा. बस."

दहा मिनिटं दर्शनाने तेवढंच केलं. पण पुढे स्कोअर एकोणीस-अठरावर जो अडकला तो हलेचना. सांगायला नाव नाही, स्कोअर नाही, आणि माईक तर चालू. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने हिंदीत जे सुरू केलं त्यात 'डाळ-भात' तेवढा मराठीतच राहिला, बाकीच्याचा अर्थ असा:

"सहा कॉलेजं, बहात्तर मुली, आणि स्टार म्हणाल तर एकही नाही. सगळ्या आपल्या बऱ्या. डाळ-भात, डाळ-भात, नुसता डाळ-भात. आमच्या परभणीच्या शीला लांडगेला आज पन्नाशीत आणून इथे उभी केली ना, तरी ती एका हाताने ही मॅच काढेल. दुसऱ्या हातात चहाचा कप असेल."

हॉलमधले स्पीकर चांगले होते. कोर्टवरच्या दहाही मुलींनी एकदम मान वळवली, आणि त्यातली एक अक्षदा होती.

रात्रीच्या जेवणाआधीच ती क्लिप अकरा हजार लोकांनी पाहिली. कुणीतरी तिला मागून कुकरच्या शिट्ट्या जोडल्या होत्या. दर्शनाचा नवरा सलील मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर होता, माणूस एरवी गंभीर, पण त्याने सोफ्यावर बसून ती सात वेळा बघितली. "चहाचा कप छान होता," तो म्हणाला. अक्षदा मात्र बॅग घेऊन सरळ खोलीत गेली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "आय वॉज ऑन द कोर्ट, मम्मा."

"तुला नाही म्हटलं गं. एकूण म्हटलं."

"बहात्तरमध्ये मी पण आहे. आय कॅन काउंट."

पुढच्या शनिवारी दर्शनासमोर कुणी पाय ठेवेना. मुली मोबाईलवर व्हिडिओ बघून आपापले घोटे आपणच बांधत होत्या. एकीने तर लोणच्याच्या बरणीला फडकं बांधावं तसा पाय बांधला होता, बोटं जांभळी पडली तरी कबूल करायला तयार नाही. आणि अलिना. अलिना अक्षदाच्या टीममधली, बाप गोव्याचा, आई लेबनीज, जीभ दोन्हीकडून धार लावलेली. पहिली बास्केट मारून परत पळताना ती मुद्दाम फिजिओच्या खुर्चीसमोरून गेली आणि हळूच म्हणाली, "डाळ." दुसऱ्या बास्केटला म्हणाली, "भात." चौथ्या क्वार्टरपर्यंत समोरच्या टीमच्या मुलीही तेच म्हणायला लागल्या. कुवेती, इजिप्शियन, फिलिपिनो, सगळ्या जणी डाळ-भात म्हणत पळत होत्या. दर्शना बर्फाची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

सोमवारी लीगच्या प्रमुख डॉ. हिबा यांनी तिला बोलावून घेतलं. दर्शना राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवत गेली होती. पण डॉ. हिबांनी आधी चहा मागवला.

"आपल्या प्रायोजकांनी क्लिप बघितली," त्या म्हणाल्या. "ते तांदूळ विकतात. 'भात' शब्दाचा अर्थ त्यांना कुणीतरी सांगितला. फार खूश आहेत. आता त्यांना फायनलच्या पोस्टरवर लीगची स्टार हवी आहे, तांदळाची पिशवी हातात धरून."

"पण स्टार नाहीच, असं मी म्हणाले."

"म्हणूनच मी त्यांना सांगितलं की ही बाई पारखी आहे. तीच शोधेल. दोन आठवडे आहेत."

ही बातमी फुटायला एक दिवस लागला. त्यानंतर क्लिनिकमध्ये धडधाकट गुडघे घेऊन माणसं येऊ लागली. एका जॉर्डनियन गृहस्थांनी पाठदुखीसाठी चाळीस मिनिटांची वेळ घेतली आणि टेबलावर पालथं पडून, उशीत तोंड खुपसून, चाळीस मिनिटं मुलीच्या रिबाउंडचं वर्णन केलं. पाठीला काही झालेलं नव्हतं. एक बाई द्राक्षाच्या पानांत भरलेल्या भाताचं मोठं ताट ठेवून गेली. मुलीचं नाव तिने सांगितलं नाही, पण ताटाखाली फोटो होता. सलीलने ताट संपवलं आणि मत दिलं की ही मुलगी विचार करण्यासारखी आहे.

दर्शनाला मात्र आता जबाबदारी वाटायला लागली. तिने अफताबकडून सगळ्या मॅचेसच्या स्कोअरशीट मागवल्या आणि डायनिंग टेबलवर पसरल्या. मॅचमागे सगळ्यात जास्त पॉइंट नूर नावाच्या मुलीचे होते. ते होते अकरा. तिच्या खाली दहावाल्या पाच, नऊवाल्या चौदा, आणि पुढे गर्दी. कुठूनही बघितलं तरी कागद डाळ-भातच म्हणत होता. आपण बरोबर होतो याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना.

अक्षदा पाणी प्यायला आली आणि टेबलाशी थबकली. पंधरा दिवसांत ती आईशी 'हो', 'नाही' आणि 'चार्जर कुठेय' यापलीकडे बोलली नव्हती.

"नूरचे अकरा आहेत कारण तिला फ्री थ्रो जास्त मिळतात," ती म्हणाली. "बाकी ती आमच्यासारखीच आहे."

"पण असं कसं? सहा कॉलेजांत एखादी तरी निघतेच की."

"निघाली होती. यू डोन्ट रिमेंबर रीम?"

दर्शनाला रीमचा डावा घोटा आठवला. चेहरा आठवेना.

"फर्स्ट इयरला सगळं रीमवर होतं," अक्षदा खुर्ची ओढून बसली. "बॉल रीमला द्या आणि बाजूला व्हा, हाच आमचा प्लॅन. शी वॉज अमेझिंग. मग फेब्रुवारीत तिच्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. सीझनच्या मध्ये. दहा दिवसांत ते सगळे टोरोंटोला. आम्ही सलग सहा मॅच हरलो, कारण कोणालाच माहीत नव्हतं की बॉलचं करायचं काय. नेक्स्ट इयर दुसऱ्या कॉलेजची तशीच एक गेली, मनीलाला. तेव्हापासून सगळे कोच सगळ्यांना सगळ्या जागांवर खेळवतात. कोण पुढच्या सेमला असेल कोणाला माहितेय? इथे स्टार ठेवता येत नाही, मम्मा. त्यांनाही राहायचा परवाना, इकामा लागतो."

"हे तू मला आधी कामून नाही सांगितलंस?" दर्शनाला राग आला की परभणी बाहेर यायची.

"तू विचारलं नाहीस. तू घोटे बघतेस."

अक्षदा ग्लास घेऊन गेली. दर्शनाने कागद गोळा केले, आणि मग तिला वाटलं, आपल्या बाजूच्या कुणाशी तरी बोलावं. तिने नांदेडला फोन लावला. शीला लांडगे आता तिथल्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती.

"शीले, तुझं नाव इकडं कुवेतला गाजायलंय."

"कामून? म्या काय केलं?"

दर्शनाने सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट.

"एका हातानं म्हणे," शीला म्हणाली. "अगं, उजवा खांदा गेलाय माझा. केस विंचरता येईनात."

"मी तेव्हाचं सांगायले."

"तेव्हाचं तर तू बोलूच नको. बॉल हातात आला की तुम्ही चौघी तापलेला तवा धरल्यावाणी माझ्याकडं फेकायच्या. समोरच्या तीन-तीन पोरी माझ्या अंगावर, मला श्वास घेता येईना, अन् तुम्ही उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. आपल्याच टीमच्या पोरी, टाळ्या."

"तू स्टार होतीस, शीले."

"मी दमलेली होते. खरं सांग, चार वर्षांत तू बास्केटकडं किती वेळा बॉल टाकलास?"

दर्शनाने आठवायला सुरुवात केली. फार वेळ लागला नाही. "तीनदा."

"अन् गेले किती?"

"ते राहू दे."

"अन् सेमीफायनलच्या पुढं आपण कधी गेलो?"

गेलो नव्हतो. सलीलशी लग्न झाल्यापासून दर्शनाने परभणीच्या टीमच्या गोष्टी शंभरदा सांगितल्या होत्या आणि दर वेळी हा एवढा तपशील बाहेर ठेवला होता, मुद्दाम नाही, जीभ आपोआप वगळत गेली होती.

"ते जाऊ दे," शीला म्हणाली. "तू एवढी डॉक्टरीण झालीस, खांद्याचं काय करू ते सांग." मग अर्धा तास दर्शनाने तिला भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम शिकवला. शीलाने फोन स्पीकरवर ठेवून केला आणि मनापासून शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दर्शना डॉ. हिबांकडे गेली. "स्टार नाही," ती म्हणाली.

"हे तू आधीच म्हणाली होतीस."

"आताही तेच म्हणतेय. तेव्हा मी तक्रार करत होते, एवढाच फरक आहे."

डॉ. हिबांनी तिच्याकडे बघून सुस्कारा सोडला. तांदूळवाल्यांना आपण सांभाळू, पण हे मुलींना तूच सांग, माईकवर बोलली होतीस तर माईकवरच, असं त्या म्हणाल्या.

शनिवारी मॅचच्या आधी अफताबने माईक दोन्ही हातांनी दिला, नैवेद्याचं ताट द्यावं तसा.

"मी म्हणाले होते, या लीगमध्ये स्टार नाही," तिने सुरुवात केली. "मी शब्द मागे घेत नाही. स्टार नाही." हॉलमध्ये कुणीतरी हुर्यो उडवली. "पण आमच्या स्टारला ताप आला की आम्ही मॅच न खेळता घरी जायचो. तुमच्यातली कुणीही विमानात बसली तरी शनिवारी मॅच होते. हे मला माहीत नव्हतं, कारण मी नीट बघितलं नव्हतं. बस, एवढंच. आणि त्या सात नंबरच्या मुलीने ताबडतोब इकडे यावं, तिच्या पायाला रक्त पोचत नाहीये."

सात नंबरवाली आली. तिची टेप कापताना मागे ओळ लागली. ओळीत अलिना सगळ्यात शेवटी होती. तिने पाय पुढे केला आणि विचारलं, "आंटी, हा डाळ घोटा आहे की भात घोटा?"

"हा सुजलेला घोटा आहे. गप्प बस," दर्शना म्हणाली.

पोस्टर आलं तेव्हा त्यावर नुसती तांदळाची पिशवी होती. तिच्याशेजारी तेवढाच मोठा बॉल आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बहात्तर नावं. त्यात अक्षदाच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं.

फायनलला अक्षदाची टीम पोचली. पोचली आणि हरली, एका पॉइंटने. शेवटचे चार सेकंद उरले असताना बॉल अक्षदाच्या हातात होता. समोर एक मुलगी होती, पण शॉट घेता आला असता. तिने अलिनाकडे पास केला, अलिना एकटी मोकळी होती. अलिनाने टाकलेला बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. अफताब क्षणभर नाव आणि स्कोअर दोन्ही विसरला.

घरी जाताना दर्शनाने सालमियात एका शवर्म्याच्या दुकानासमोर गाडी लावली. दोघी गाडीतच बसून खात होत्या. अक्षदाचे डोळे रडून सुजले होते, पण भूक कमी झालेली दिसत नव्हती. आईने आता काहीतरी म्हणायला हवं हे दर्शनाला कळत होतं. तिने दोन-तीन वाक्यं मनात करून बघितली आणि त्यातलं त्यात साधं निवडलं.

"पास चांगला होता."

अक्षदा चावायची थांबली. "मम्मा, तो टेरिबल पास होता. तिच्या गुडघ्यात गेला. वाकून घ्यावा लागला तिला, म्हणून तर शॉट बिघडला."

दर्शनाने तो क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणला. या वेळी तिने नीट बघितलं होतं.

"हो," ती म्हणाली. "गुडघ्यातच होता."

"थँक यू," अक्षदा म्हणाली, आणि आईच्या हातातला उरलेला शवर्मा तिने विचारल्याशिवाय घेतला.