कस्तुरीची सलामी

मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, आणि धंदा निवडला तो घोड्यांना स्वस्थ उभं राहायला शिकवण्याचा. अहमदपूरच्या बाहेर माझी घोडेस्वारीची शाळा आहे. तिथे मी ड्रेसाज शिकवते. म्हणजे आखलेल्या मैदानात घोड्याने स्वाराच्या नुसत्या इशाऱ्यावर चालायचं, वळायचं, दुडकायचं, आणि सुरुवातीला नि शेवटी स्वार हात खाली नेऊन पंचांना सलामी देईपर्यंत अजिबात न हलता उभं राहायचं. गावात लोक विचारतात, "मॅडम, शर्यत कवा हाय?" शर्यत नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपतो.

यंदा माझा सगळा जीव कस्तुरीत अडकला होता. घोडी उदगीरच्या शरणप्पांची. ते वरातीला नाचाचे घोडे देतात. माळेगावच्या जत्रेत मी तिची चाल पाहिली आणि हटूनच बसले. शरणप्पा विकायला तयार होईनात. शेवटी म्हणाले, "एक साल ठिवा. राज्याच्या खेळाला निवड झाली तर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. न्हाई झाली तर माझी घोडी मला." मी लगेच हो म्हटलं. विचार करून हो म्हणणं मला जमतच नाही.

खरी अडचण घरी आणल्यावर कळली. वरात चालते तेव्हा घोडी चालते; वरात थांबली की बँडवाले जोर धरतात, घोडेवाला शिट्टी घालतो आणि घोडी नाचते. कस्तुरीच्या लेखी थांबणं म्हणजेच नाच. चालायची सुरेख, वळायची सुरेख, आणि सलामीला थांबवली की पुढचे पाय उचलून ठुमकायला लागायची. तिच्यावर बसायची धम्मप्रिया, इथल्या तलाठी बाईंची मुलगी, बारावीतली. ती हसत सुटायची आणि मी ओरडत सुटायचे.

वर्ष नुसतं पळालं. उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरवाल्याच्या विनवण्या केल्या. मग माझा जुना घोडा लंगडायला लागला. कस्तुरीच्या पोटात कळ धरली तेव्हा डॉक्टर येईपर्यंत मी तिला आवारात फिरवत राहिले आणि डॉक्टरांवरच डाफरले. पावसाळ्यात नांदेडला स्पर्धा झाली. तिथे ती सलामीला अशी काही नाचली की प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या आणि पंचांनी शेवटचा नंबर.

त्यानंतर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की घोडी थांबली रे थांबली की मीच कुंपणापाशी येरझाऱ्या घालते, आणि ती माझ्याकडे बघत असते. मग मी खुर्ची टाकून बसायला लागले, हात मांडीखाली दाबून. जिवावर यायचं. पण दिवाळी सरता सरता कस्तुरी थांबायला लागली. आधी क्षणभर, मग धम्मप्रियाची सलामी देऊन होईपर्यंत.

लातूरच्या निवड स्पर्धेआधी मी शरणप्पांना फोन केला. "या, बघा तुमच्या घोडीला," एवढंच बोलले. काय बघायचं ते सांगायला मला फुरसत नव्हती.

ते नवा पटका बांधून आले, कुंपणाला टेकून उभे राहिले. मी पलीकडच्या बाजूला खुर्चीत. कस्तुरी त्या दिवशी जशी चालली तशी वर्षभरात चालली नव्हती. धम्मप्रियाने तिला मधोमध आणून थांबवलं. घोडी थांबली. चारी पाय सरळ, कानसुद्धा हलला नाही. धम्मप्रियाचा हात सलामीसाठी खाली जात होता, तेवढ्यात कुंपणापासून कर्कश शिट्टी आली. लगेच दुसरी.

कस्तुरी नाचायला लागली. पंचांनी घंटा वाजवली. बाहेरून इशारा दिला म्हणून घोडी बाद.

मी शरणप्पांपाशी पोचले तेव्हा ते हसत होते. "वाचवलं का न्हाई? घोडी भिऊन गप्प हुबी ऱ्हायली ओ. मी व्हतो म्हनून."

मी तोंड सोडलं. उभं राहणं हाच खेळ होता, वर्षभर रक्त आटवून तिला तेवढंच शिकवलं, आणि तुम्ही एका शिट्टीत मातीत घातलंत, असं सगळं सगळं बोलले, चार माणसांसमोर. फोनवर एक वाक्य जास्त बोलले असते तर हे झालं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे आवाज आणखीच चढला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग मैदानाबाहेर आलेल्या कस्तुरीकडे गेले. तिच्या मानेवर हात ठेवला. मला वाटलं, आता लगाम धरतील आणि नेतील. ठरलेली बोली त्यांच्या बाजूची होती, आणि बोलायला मी तोंड ठेवलं नव्हतं.

ते धम्मप्रियाला म्हणाले, "पोरी, चूक माझी हाय. घोडी अजून एक साल ऱ्हाऊ दे तुझ्याकडं." मग माझ्याकडे वळले. "पुढच्या खेळाला मी येनार न्हाई, मॅडम. मला बघितलं की तिचे पाय उठत्याल."

"या की हो काका," धम्मप्रिया रडत म्हणाली.

ते टेम्पोकडे चालायला लागले. मला मात्र 'या' म्हणवलं नाही. घोडी राहिली याचा मला आनंद झाला होता, आणि ते येऊ नयेत असंच मला वाटत होतं.