निरीक्षकांची पिशवी

मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात आणि घराबाहेर सगळ्यांची ठाम समजूत आहे की मला ती येत नाही.

माझ्या नवऱ्याच्या पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, एक पिशवी चिकटवलेली आहे. आतड्याचा खराब झालेला भाग डॉक्टरांनी काढून टाकला आणि वरच्या आतड्याचं तोंड पोटाबाहेर आणून ठेवलं. आतलं सगळं भरून आलं की आणखी एक छोटं ऑपरेशन करून ते परत आत ढकलतील. तोवर पोटातलं सगळं त्या पिशवीत. ते तोंड लालभडक असतं, सदा ओलं असतं आणि मधूनच आपलं आपण हलतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पलंगाचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. अजूनही काहीतरी धरावं लागतं.

ह्यांनी मात्र ते बघितलेलंच नाही. इस्पितळातल्या सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून नीट शिकवलं होतं. पिशवी पुरती भरू द्यायची नाही, त्याआधीच खालची चिमटी, म्हणजे क्लिप, काढून रिकामी करायची. कातडीला चिकटते ती चकती दर काही दिवसांनी बदलायची, तिचं भोक मापानं कापायचं, फार मोठं नाही, फार लहान नाही. हे सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघत होते.

"साहेब, इकडे बघा ना," सिस्टर म्हणाली. "हे तुम्हालाच करायचंय."

"हिला दाखवा," हे म्हणाले. "ती करेल."

आता हे गृहस्थ कोण, तर खाद्यगृहांचे निरीक्षक. उभा जन्म लोकांच्या स्वयंपाकघरातली घाण शोधण्यात गेला. ओट्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवायचं, ते उजेडात धरायचं आणि मालकाच्या तोंडावर शेरा हाणायचा. हॉटेलवाले त्यांना पाठीमागे 'बोटसाहेब' म्हणतात. घरातही तेच. पेला उजेडाला धरून बघितल्याशिवाय पाणी पिणार नाहीत. आमच्या लेकीचा लंगोट त्यांनी एकदाही बदलला नाही. ती ओकली की हे चपला अडकवून बाहेर पडायचे आणि फरशी पुसून कोरडी झाली की पेपर घेऊन परत यायचे.

मी शाळेची व्हॅन चालवते. मुलं आहेत, मागच्या सीटवर कुणी ना कुणी ओकतंच. मग मी गाडी कडेला घेते, लाकडाचा भुसा टाकते, पत्र्यानं खरवडते, पुसते आणि त्या रडवेल्या पोराला म्हणते, काही नाही झालं हं. त्यावरून आमच्या घरात असा निकाल लागला की हिला सवय आहे. अहो, सवय हाताला होते, नाकाला नाही.

घरी आणल्यापासून रोजचं ठरून गेलं होतं. हे पलंगावर उताणे. मी खाली प्लास्टिक अंथरायची, तोंडात पेपरमिंटची गोळी धरायची, तोंडानंच श्वास घ्यायचा आणि भांडं लावून चिमटी काढायची. कोमट, पातळ, हिरवट पिवळं. वास आंबट आणि वर कसलातरी गोडसर. गोळी दाढेखाली फोडावी लागायची. नंतर भांडं धुवायचं, प्लास्टिक धुवायचं, मग मोरी धुवायची. आणि त्याच हातांनी ह्यांच्यासाठी मऊ भात कालवायचा. माझ्या घासापर्यंत माझी भूक मेलेली असायची.

पण खरी शिसारी मला त्याची येत नव्हती. ती ह्यांच्या रुमालाची यायची. मी चिमटीला हात घातला की हे उशीखालून अत्तर शिंपडलेला रुमाल काढायचे आणि नाकावर धरायचे. ज्यांच्या पोटातलं ते नाक झाकून पंखा बघणार, आणि मी त्यात हात घालणार. वर रुमालाआडून शेरे चालू.

"कडेला राहिलंय."

"बघितलंत?"

"बघायला कशाला हवं? वास येतोय ना."

तळपायाची आग मस्तकात जायची. पण आजारी माणूस, म्हणून मी मूग गिळून बसायची.

आणि सोमवार जवळ येत होता. व्हॅनच्या मालकिणीनं माझी रजा एकदा वाढवली होती, दुसऱ्यांदा फोनवर तिनं सरळच सांगितलं, "सोमवारी येत असशील तर ये. नाहीतर ती गाडी मी दुसरीला देते. पालक माझा जीव खाताहेत." तिचं काही चुकत नव्हतं. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीत मी घराबाहेर असणार, आणि पिशवी काही माझ्या फेऱ्या बघून भरणार नव्हती. म्हणजे सोमवारच्या आत ह्यांना हे स्वतःचं स्वतः करता यायला हवं होतं. मी तसं सांगितलं.

"बघू," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. "व्हॅनवाचून काय अडलंय तुझं?" हे म्हणाले. ती गाडी म्हणजे माझी दिवसातली एकच जागा, जिथं काच खाली केली की बाहेरची हवा येते. हे त्यांना कसं सांगणार? त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी धाकटी नणंद आली. फळं घेऊन आली, भावाच्या पायाशी बसली, आणि नेमकी तेव्हाच पिशवी भरली. मी प्लास्टिक अंथरलं तशी ती टुणकन उठून खिडकीपाशी गेली आणि तिथून कौतुकाचे पूल बांधू लागली.

"वहिनी, कमाल आहे हं तुझी. मला नसतं बाई जमलं. दादा, नशीबवान आहेस."

"तिला काय होतंय?" रुमालाआडून हे म्हणाले. "तिला कशाचीच घाण वाटत नाही. माझ्यासारखं नाक असतं तर कळलं असतं."

नणंद हसली. हेही हसले, टाके दुखतील म्हणून पोट धरून. आणि त्यांच्या हसण्यानं पिशवीतून एक बुडबुडा आला आणि चार थेंब माझ्या मनगटावर उडाले.

"येते," मी म्हणाले.

"काय येते?"

"किळस. रोज येते. आत्ता येतेय. तुमचं हे करताना येते, व्हॅनमध्ये येते, लेकीच्या वेळी यायची. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं बेडपॅन सकाळ-संध्याकाळ मी न्यायची, आणि मोरीत उभी राहून ओकायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. मला नाक आहे. तुमच्याइतकंच आहे."

मी चिमटी लावली, भांडं उचललं आणि गेले. मोरीतून ऐकलं, नणंद म्हणत होती, "दमलीय रे ती. मनावर घेऊ नकोस."

ह्यांनी मनावर घेतलं. रविवारी सकाळी मी प्लास्टिक घेऊन गेले तर म्हणाले, "राहू दे. माझं मी बघतो." भिंत धरत धरत बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. पाण्याचा आवाज आला. मग ओकाऱ्या, कोरड्या, एकामागून एक. मी स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले. गरम चहा. खरं सांगते, त्या ओकाऱ्या ऐकून मला बरं वाटलं. होऊ दे, म्हटलं, कळू दे एकदा. दुपारपर्यंत त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. मी व्हॅनच्या मालकिणीला फोन करून येते म्हणून सांगितलं, गणवेशाचा शर्ट इस्त्री केला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुपारी चादर काढायला गेले तेव्हा वेगळाच वास आला. हॉटेलांच्या मागच्या दारात येतो तसला, डोळ्यांत झोंबणारा. ह्यांच्या कामाच्या बॅगेत ओटे आणि फरशा निर्जंतुक करायच्या जहाल औषधाची एक बाटली असते. ती बॅग पलंगाखालून बाहेर आली होती.

"शर्ट वर करा," मी म्हणाले.

"काही नाही."

"शर्ट वर करा म्हणतेय ना."

चकती एका कडेनं सुटली होती आणि तिच्याखालून सगळं झिरपून चड्डीच्या नाडीपर्यंत गेलं होतं. मी ती सोडवली आणि माझ्या अंगावर काटा आला. आतड्याच्या तोंडाभोवतीची कातडी सोलल्यासारखी झाली होती, लाल, ओलसर, जागोजाग फुटलेली. ह्या माणसानं तिथं ते फरशीचं औषध घासलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. उभ्या जन्मात घाणीवर त्यांना एकच उपाय ठाऊक होता.

"अहो, हे काय केलंत?"

"स्वच्छ करत होतो." त्यांचा आवाज चिरकला. "तुला घाण वाटते ना. वास जाईल म्हटलं." आणि ते रडायला लागले, तोंड पंख्याकडे करूनच.

मला दया आली, नाही कसं म्हणू? पण तिच्या जोडीनं चीडही आली. एवढी वर्षं मला नाकच नाही असं धरून चाललेला माणूस, आणि ते आहे हे कळल्यावरही त्यानं सिस्टरला फोन केला नाही, मला विचारलं नाही, पोटाकडे मान खाली घालून बघितलंसुद्धा नाही. न बघताच घासत सुटला.

मी सिस्टरला फोन लावला. ती आधी ओरडली आणि मग म्हणाली, साधं कोमट पाणी, दुसरं काही नाही. कातडी टिपून कोरडी करा, दिली आहे ती पावडर लावा, जास्तीची झटका, चकती मापानं कापा आणि तळहातानं दाबून धरा, हाताच्या उबेनं चिकटते. कातडी उद्या दुपारपर्यंत निवळली नाही तर घेऊन या.

मी ह्यांना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, दोन उशा पाठीशी लावल्या आणि कोमट पाण्याचा वाडगा मांडीवर दिला. कापूस हातात दिला.

"तू कर," हे म्हणाले.

"नाही."

"मला बघवत नाही गं."

"मलाही नाही बघवत. तरी बघतेय ना? बघा."

त्यांनी रुमाल चाचपला. तो मी आधीच धुण्यात टाकला होता. मग त्यांनी मान खाली घातली आणि पहिल्यांदा ते तोंड बघितलं. नेमकं तेव्हाच ते हललं. ह्यांना जोराची ओकारी आली, मी बादली पुढं केली. पुन्हा बघितलं, पुन्हा बादली. मलाही उमासा आला आणि मी बेसिन गाठलं. त्या एवढ्याशा बाथरूममध्ये दोन म्हातारी होत चाललेली माणसं आळीपाळीनं ओकत होती.

"तू रोज कसं करायचीस?" ओठ पुसत त्यांनी विचारलं.

"तोंडानं श्वास घेऊन. तुम्ही पण घ्या."

त्यांनी घेतला. कापूस भिजवला, टिपलं, झोंबलं तसे विव्हळले, पण थांबले नाहीत. पावडर जमिनीवर जास्त पडली आणि पोटावर कमी. पहिली चकती वेडीवाकडी कापली, ती फुकट गेली. दुसरी बरी कापली. लावली, वर तळहात ठेवला आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघत बसले. मी हात पुढं केला नाही. करावासा वाटत होता, पण केला नाही.

ती चकती टिकली. संध्याकाळी त्यांनी पिशवी स्वतः रिकामी केली, भांडं स्वतः धुतलं. सोमवारी सकाळीही केली. कातडीचा लालपणा थोडा उतरला होता. मी शर्ट घातला, भुशाची पिशवी उचलली, दुपारी मधल्या वेळात येऊन जाते म्हणून सांगितलं. हे भिंतीला धरून दारापर्यंत आले.

"एक विचारू?"

"विचारा."

"ही किळस... सगळं परत आत गेलं की जाईल ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. रोज कुठल्या ना कुठल्या पोराला बोलतेच. मी बूट घातले, नाडी बांधली, उभी राहिले.

"पिशवीची जाईल," मी म्हणाले.

ते दारातच उभे राहिले. मी ते मागं घेतलं नाही. खाली व्हॅन उभी होती, आणि पहिलं पोर मला नाक्यावरून घ्यायचं होतं.