करंगळीतला बोळा

कल्पना करा बरं, तुमच्या बोटाएवढी काचेची नळी आहे आणि तिच्यात एक अख्खं हिरवं गाव राहतंय. गावाला दार एकच, कापसाचा बोळा. हवा आत जाते, बुरशी बाहेर राहते.

अशा शेवाळ्याच्या शेकडो नळ्या चिमणी नावाच्या पोरीची मावशी प्रयोगशाळेत सांभाळायची. नळीतलं खाद्य संपत आलं की कणभर शेवाळं उचलून नव्या नळीत न्यायचं. पण आज मावशीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, मदतनीस काका सर्दीने बेजार, आणि एका जातीची एकच नळी उरलेली. दुसरी बुरशीने गिळली होती. ही गेली की ती जात संग्रहातून कायमची गेली.

"काका, दाराबाहेरच थांबा. तुमची एक शिंक आणि सगळ्यावर पाणी!" मावशीने बजावलं.

"मग करणार कोण?" काकांनी नाक पुसत विचारलं.

"ही काय, दोन धडधाकट हातांची बाई!"

चिमणी हसली. सकाळभर तिने रिकाम्या नळ्यांवर हात बसवला होता. बोळा करंगळीत धरायचा, टेबलावर ठेवायचा नाही. खाली पडला की त्याला जंतू चिकटले, मग तो आपला नाही, असं मावशीने सांगितलं होतं.

मावशीने डाव्या हातात जुनी आणि नवी, दोन्ही नळ्या तिरप्या धरल्या, तोंडं स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीजवळ. चिमणीने शेवाळं उचलायची तार लालभडक तापवली, निवू दिली. नव्या नळीचा बोळा उजव्या करंगळीत, जुनीचा डाव्या. तारेवर हिरवा ठिपका आला आणि तेवढ्यात डावी करंगळी सैल पडली.

"पडला, पडला!" काका दारातून ओरडले.

मावशीने नळ्या तशाच धरून ठेवल्या. पोर निभावून नेईल, याची तिला खात्री होती.

चिमणीचा हात खाली जाता जाता थांबला. तिने ठिपका नव्या खाद्यावर नागमोडी ओढला, उजव्या करंगळीतला बोळा त्या नळीत घट्ट बसवला.

"मावशी, जुनी हलवू नकोस हं."

मग चिमटा ज्योतीतून फिरवून तिने निर्जंतुक बोळ्यांच्या डब्यातला एक उचलला आणि जुन्या नळीला लावला.

"अगं, हे कुठं शिकवलं होतं मी?"

"पडलेला आपला नाही म्हणालीस ना? मग दुसरा नको आणायला?"

काकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते सणसणीत शिंकले.

चिमणीने नव्या नळीवर नाव-तारीख लिहिली, ती उजेडाच्या फळीवर ठेवली. डावी करंगळी दोनदा दुमडून पाहिली. मग आणखी एक नवी नळी मावशीच्या हातात दिली.

"एकीवर विसंबायचं नाही," ती म्हणाली आणि तार पुन्हा ज्योतीत धरली.