पांढऱ्या रेघेपर्यंत पाणी

मी एक जुनी माशांची पेटी आहे. चार उभ्या काचा, एक तळ आणि सांधे धरून ठेवणारा चिकट माल, एवढाच माझा संसार. खरं सांगते मित्रांनो, मी थकले आहे. पाणी धरून ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही. त्यात क्षणभरही अंग सैल सोडता येत नाही.

पहिल्या घरी माझं फार कौतुक झालं. मग एकदा मला साबणाने लखलखीत घासलं आणि त्याच दिवशी मासे परत सोडले. सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. बोल मात्र मला लागला. "या पेटीचा पायगुणच वाईट," घरमालकीण म्हणाली. मला तर पायही नाहीत. पुढची सात वर्षं मी पोटात जुने बूट घेऊन माळ्यावर काढली.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं. तिचे सासरे घसरून पडले होते. मोडलेलं हाड जुळलं, पण माणूस उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवण दोन घासांवर आलं होतं. डोळ्यांसमोर काही हलतं-फिरतं असलं तर निदान कूस तरी बदलतील, एवढ्याच आशेवर तिने मला उचललं होतं.

दिवसभर मशीन चालवून ती मला घासायला बसली. लिंबाच्या फोडीने क्षार चोळले, ब्लेडने खरवडले. मागच्या काचेवर पूर्वी जिथवर पाणी असायचं, तिथली पांढरी रेघ काही केल्या जाईना. "मरू दे ती," म्हणत तिने कंबरेला हात लावला. मग तिची नजर भांड्यांच्या साबणाकडे गेली आणि माझं अवसान गळालं. तिने मला पातेल्यासारखं चकचकीत केलं, पंपाला जोडायचा, पाणी गाळणारा स्पंजही साबणात पिळला, वरवर विसळलं आणि सात बादल्या पाणी ओतलं. सहा मासे पिशवीत तयार होते.

मला तोंड असतं तर ओरडले असते. माझ्याकडे होता फक्त हवेचा पंप. तो सुरू झाला आणि कडेला बारीक फेस जमू लागला. ती पिशवीची गाठ सोडत होती.

पंपाच्या घरघरीने सासऱ्यांनी मान वळवली. त्यांचं सारं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या नोकरीत गेलं होतं.

"अगं, थांब," ते म्हणाले. "तो फेस बघ. साबण लावलास?"

"बाबा, सात बादल्या ओतल्यात मी. आता माझ्यात जीव नाही."

"माशांत आहे ना अजून. मग उपस ते. पिशवीतल्या पाण्यासकट त्यांना मोठ्या पातेल्यात सोड आणि इथे माझ्याजवळ ठेव. आणि नवं पाणी रात्रभर उघडं राहू दे. नळाच्या पाण्यात औषध असतं. तीस वर्षं मीच टाकत होतो."

ती जमिनीवर बसून थोडी रडली. मग उठली आणि सगळं पाणी उपसलं. मला चारदा नुसत्या पाण्याने धुतलं, स्पंज फेकून नवा आणला. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला तेव्हा फेस आला नाही. सासरे म्हणाले, "आता सोड."

सहाही मासे जगले. ती पुन्हा ब्लेड घेऊन रेघेमागे लागली तेव्हा त्यांनी तिला अडवलं. "राहू दे ती. पाणी कुठवर ठेवायचं ते कळतं."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी पेटी घरी आणलीत तर साबण लांब ठेवा, आणि घाई होत असेल तर मासे एक दिवस उशिरा आणा. निघत नाही त्या डागाशी भांडू नका. माझा शीण काही गेलेला नाही. सांधे कुरकुरतात, पाणी जड वाटतं. तरी मी धरून आहे.

कारण रोज सकाळी सासरे ती रेघ बघतात. "नखभर खाली गेलंय," म्हणतात, आणि सून रात्रभर उघडं ठेवलेलं तांब्याभर पाणी घालते. अंथरुणात पडल्या पडल्या ती रेघ दिसत नाही. तेवढ्यासाठी त्यांना उठून बसावं लागतं.