एम्युलेटरवरची चिकटपट्टी

"पाचपर्यंत सही पाहिजे," म्हणत साहेबांनी कागद ताईच्या टेबलावर ठेवला, वर पेनही ठेवलं. कागदावर दोनच ओळी. सलाइनचे पंप दवाखान्यात मधेच थांबतात, आणि चूक ताईने लिहिलेल्या प्रोग्रॅमची आहे. सही केली की नोकरी तर जाणारच, वर या धंद्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

ताईचं डोकंच फिरलं. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून लिहिलेला प्रोग्रॅम, आणि खापर हिच्याच डोक्यावर. पंपाचा बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट, साहेबांनी स्वतः आखलेला. त्याबद्दल कागदावर चकार शब्द नाही.

"सही नाही करणार," ती म्हणाली. "आधी बोर्ड जोडून बघणार."

"पन्नासदा बघितलंय. इथे कधी थांबला का?"

"नाही ना? मग तिथेच का थांबतो, ते बघते."

तिने कपाटातून एम्युलेटर काढला. साबणाच्या वडीएवढा डबा. एक केबल कॉम्प्युटरला, दुसरी पंपाच्या बोर्डला. तो मधे बसला की बोर्डवरच्या चिपच्या पोटात काय चाललंय ते कॉम्प्युटरवर दिसतं. पण नवा कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. तिने केबल काढली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, मग केबल लावली. साहेब घड्याळ बघत उभेच. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. पंप सुरू केला, तर गडी झकास चालला.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले.

ताईची नजर डब्याच्या कडेवर खिळली होती. तिथे एक बारीक कळ, तिच्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर साहेबांच्या अक्षरात 'हात लावू नये'. कळ तशी ठेवली की बोर्डला वीज डबाच पुरवायचा, बॅटरी जोडायची कटकट वाचायची. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. तीही हेच शिकली होती, आणि दवाखान्यातला पंप बॅटरीवर चालतो, त्याला असा डबा कुणी लावत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने नखाने पट्टी उचकटली.

"ते राहू दे," साहेब म्हणाले.

"का राहू दे?"

सोल्डरिंगवाले मामा कोपऱ्यातून उठले आणि भरलेली बॅटरी तिच्यापुढे ठेवून गेले. तिने कळ फिरवली, बॅटरी जोडली, पंप सुरू केला. मोटर फिरायला लागली तसा कॉम्प्युटरवरचा पाच व्होल्टचा आकडा साडेतीनवर आला, आणि पंप थांबून प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन बसला. कारणही चिपनेच नोंदवलं होतं: वीज कमी पडली. ताईने तीनदा करून दाखवलं, तिन्ही वेळा तेच.

"प्रोग्रॅमने सांभाळून घ्यायला हवं होतं," साहेब पुटपुटले.

"वीजच नाही तर प्रोग्रॅम काय कपाळ सांभाळणार?"

तिने कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: 'पट्टी रोज समोर दिसत होती, मी काढली नाही, ही चूक माझी. बोर्डला वीज पुरत नाही, ही चूक बोर्ड आखणाऱ्याची.' पहिल्या वाक्याखाली तिने ठसठशीत सही केली आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"दुसऱ्याखाली तुमची. पाचाला अजून वीस मिनिटं आहेत."